आठ फुटांची सवत

३ ऑक्टोबर

वन्सं,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिते. नमस्कार.

फोन न करता पत्र का, असं विचाराल. फोन तुम्ही मध्येच ठेवून देता. पत्र मध्येच ठेवलंत तरी पुढचं लिहिलेलं राहतं.

तुमचं पत्र मिळालं. तुमचा भाऊ गेला, तुम्ही परत गेलात, त्यानंतर भावजय जिवंत आहे की नाही याची चौकशी नाही. आणि आता पहिलीच ओळ काय, तर 'मासे कसे आहेत?' दुसरी ओळ, 'टाकीला कुणाला हात लावू देऊ नकोस.' माझ्या वाट्याला शेवटी 'काळजी घे' एवढे दोन शब्द. शाळेत मोठ्या बाई होतात तेव्हा वहीवर शेरे मारायचात, त्यातलाच एक इकडे टाकलात.

तर ऐका. मासे मेले.

ते निळ्या पट्टीचे बारके, ज्यांचा थवा तुम्हाला आवडायचा, ते सगळे एका सकाळी पाण्यावर पांढरे होऊन तरंगत होते. मोठे चपटेही गेले. चहाच्या गाळण्याने काढले मी ते. गाळणं टाकून दिलं. फक्त एक उरलाय, तळाशी राहणारा तो काळ्या पट्ट्यांचा जाडा, ज्याला तुमचा भाऊ 'आजोबा' म्हणायचा. तो लाकडाखालच्या पोकळीत जाऊन बसलाय तो बसलाच आहे. झाडांची पानं बुळबुळीत झालीत, बोट लावलं की हातात येतात. वास असा की गिऱ्हाईक मापं द्यायला हॉलमध्ये उभं राहत नाही. माझं शिवणाचं मशीन हॉलमध्ये असतं, माझं पोट त्यावर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे असावं.

कसे मेले म्हणाल, तर मेले. घरात माणूस गेलं, माशांचं काय घेऊन बसलात?

तेव्हा टाकी तुम्ही तरी घेऊन जा, नाहीतर मी मासेवाल्याला बोलावून काच, दिवे, दगड, काय ते देऊन टाकते. मला माझी भिंत परत हवी आहे. त्या भिंतीला कापडं ठेवायचं कपाट लावायचं म्हणून मी लग्न झाल्यापासून कंठशोष करत होते.

तुमची भावजय


२२ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं उत्तर मी दारातच उभ्याउभ्या वाचलं. बसून वाचावं असं त्यात काही नव्हतं. 'तुला ती टाकी कधी बघवली नाही. तो गेला आणि तू डाव साधलास.' वा! निवृत्त झालात तरी शिक्षा सुनावायची खोड काही गेली नाही.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. नव्हती बघवत. कशी बघवेल? बाकीच्या बायकांचे नवरे पत्ते खेळतात, दारू पितात, पण त्यासाठी निदान घराबाहेर तरी जातात. माझी सवत घरात आली, आठ फूट पसरून हॉलमध्ये बसली, आणि तिचं खाणंपिणं, दिवाबत्ती, सगळं वेळच्या वेळी. मला ताप आला तेव्हा ताप किती आहे ते नाही पाहिलं त्याने, पाणी किती गरम आहे ते दोनदा पाहिलं.

तुम्हाला वाटतं, ती टाकी म्हणजे तुमच्या भावाची कला. असेल. पण त्या कलेचा संसार मी केला. ऑफिसात दिवसभर इमारतींचे नकाशे काढून समाधान होत नव्हतं, म्हणून घरी येऊन जेवणाच्या टेबलावर टाकीचे नकाशे. वर्षभर! बुटकी झाडं पुढे, उंच झाडं मागे. लाकूड बरोबर मधोमध ठेवायचं नाही, जरा डावीकडे सरकवायचं. वाळूची वाट पुढे रुंद काढायची आणि मागे निमुळती करत न्यायची, म्हणजे टाकी आहे त्याहून खोल वाटते. ताटं मांडायला जागा नाही, आणि हा मला विचारतोय, 'ही वाट आणखी वळवू का गं?' मी म्हटलं, वळव आणि तिच्यावरून चालता हो.

आणि ते लाकूड! नदीकाठी सापडलेलं झाडाचं उलटं मूळ. ते पाण्यात बुडायला हवं ना, म्हणून महिना-दीड महिना आमच्या न्हाणीघरात भिजत पडलं होतं. पाण्याला रंग सुटायचा तांबडा. मी त्या मुळाशेजारी कोपऱ्यात अंग चोरून आंघोळ केली आहे, वन्सं. माझ्या वाढदिवसाला तुमच्या भावाने मला काय आणलं, सांगू? फर्न. 'तुझ्यासाठी आणलंय,' म्हणे. आणि बांधलं कुठे? त्या लाकडावर, टाकीत! वर दोरा माझाच, शिवणाच्या डब्यातला काळा.

मग मासिकात फोटो छापून आला. टाकी, शेजारी तुमचा भाऊ हाताची घडी घालून. कडेला माझ्या मशीनचं पायडल दिसतंय. तेवढीच मी.

आता 'डाव साधलास' याबद्दल. मी काही साधलेलं नाही. काय झालं, कसं झालं ते मला पक्कं ठाऊक आहे. मी ते बोलणार नाही, आणि तुम्ही बोलायला लावू नका.

टाकीचं म्हणाल तर मासेवाला येऊन गेला. त्याच्या गालांमुळे सगळे त्याला फुगा म्हणतात. तोंडाची टकळी अखंड चालू. बादल्या घेऊन आला, बाह्या सारल्या, आणि आधी आजोबाला पकडायला हात घातला. त्या माशाच्या डोळ्याखाली काटा असतो, ते फुग्याला माहीत असायला हवं होतं. असा टोचला त्याला की 'आई गं' करून हात बाहेर. मग बोट चोखत म्हणाला, 'हा जगलाय म्हणजे टाकी अजून गेलेली नाही. पण तुम्हाला नाही जमायचं वहिनी, ते साहेबांचंच काम होतं. तुम्ही आपलं शिवण सांभाळा.'

झालं. तिथेच माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, उचल त्या बादल्या आणि चालू लाग.

तेव्हा टाकी विकत नाही. तुमच्यासाठी नाही आणि तुमच्या भावासाठी तर नाहीच नाही. त्या फुग्याला दाखवायचं आहे म्हणून.

तुमची, तुमच्या मते खुनी, भावजय


१४ डिसेंबर

वन्सं,

माझ्या चुलत जावेने टाकीचा फोटो काढून तुम्हाला पाठवला, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. तिला चहा पाजला ते चुकलंच माझं.

'त्याची मांडणी बिघडवलीस.' बरं. काय बिघडवलं ते नीट ऐका तरी.

दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी काढून नवीन भरते. नळाचं पाणी थेट घालायचं नसतं, आधी त्यात औषध घालून ते ठेवायचं असतं. माझ्या न्हाणीघरात पुन्हा बादल्याच बादल्या. त्या सडक्या पानांची झाडं मी अर्धी उपटून फेकली. मग फुगा आला (येतो तो, मी हाकललं तरी येतो, मी जिंकते की हरते ते बघायला) आणि ओरडला, 'अहो, पानं गेली म्हणून मुळं जात नाहीत, राहू द्या!' उरलेली अर्धी राहू दिली. पंधरवड्यात त्यांना कोंब आले. तोच फुगा म्हणाला, दिवा दिवसभर लावा, जोमाने वाढतील. लावला. तर सगळीकडे शेवाळाचे हिरवे केस उगवले, दगडांना, काचेला, फर्नला. ते काढता काढता माझी बोटं सुजली. दिव्याची वेळ मी माझ्या अकलेने कमी केली तेव्हा ते गेले. म्हणजे फुग्यालाही सगळं येतं असं नाही.

राहिली कापणी. तुमचा भाऊ मागची लाल झाडं पट्टी लावल्यासारखी सरळ रेषेत कापायचा. तो नकाशेवाला, त्याला रेषाच दिसायची. मला पहिल्यापासून ते खटकायचं. कापलेलं दिसतंय, असं कधी कापायचं नसतं. मी मधे उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतरतं कापलं, कॉलर कापते तसं, आणि दोन आठवडे थांबले. आता नवीन फुटवे आलेत ते त्याच्या हयातीत कधी इतके दाट नव्हते. कात्रीचं तुम्ही मला शिकवू नका. मी माणसांचे पडके खांदे सरळ दाखवते, ही तर झाडं आहेत.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय, टाकी तुमच्या शाळेच्या सभागृहात न्यायची, वर त्याच्या नावाची पितळी पाटी लावायची, शाळेशी बोलणंही झालंय. वन्सं, धन्य आहे तुमची! मी 'घेऊन जा' म्हणत होते तेव्हा 'त्याची आठवण आहे, जप'. आता जपली, तर 'दे'.

नाही देणार. पितळी पाटी सुट्टीत पाणी बदलत नाही. शाळेतली पोरं काचेवर टकटक करतील. आणि टाकी हलवायची तर लाकूड उपसावं लागेल, आजोबाला त्याच्या बिळातून ओढून पिशवीत घालावं लागेल. म्हातारा आहे तो, आमच्या लग्नाच्या आसपासचा. त्याला प्रवास सोसणार नाही असं फुगाही म्हणतो, मीही म्हणते.

तो बाहेर येतो आता. मी मशीन चालवायला लागले की येतो, काचेला नाक लावून आडवा पडून राहतो. खाताना टक् टक् आवाज करतो. मी त्याच्याशी बोलते. हसायचं असेल तर हसा. तुमच्या भावाशी जेवढं बोलले नसेन तेवढं बोलून झालंय.

आई गेल्यावर तुम्ही भावाला वाढवलंत, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकवलं गेलं आहे. मान्य. वाढवलंत. त्याचं जे केलंत ते तुमचं. टाकीचं मी करते आहे, टाकी माझी.

तुमची भावजय


२ फेब्रुवारी

वन्सं,

आज तुमचा ट्रक आला होता.

मला न विचारता! तीन हमाल, एक शाळेचा माणूस, आणि त्याच्या हातात तुमच्या सहीचा कागद. मी दारातूनच परत पाठवले. माझ्या हातात मोठी कात्री होती. मुद्दाम घेतली नव्हती, कोटाचं कापड बेतत होते. पण त्यांनी कात्रीकडे पाहिलं आणि फार वाद घातला नाही.

जाता जाता तो शाळेचा माणूस म्हणाला, 'बाईंनी सांगितलं होतं, तुम्ही अडवाल म्हणून.' आणि संध्याकाळी चुलत जावेने फोन करून उरलेलं सांगितलं. सगळ्या गोतावळ्यात तुम्ही म्हणताय, 'जिने त्याचे मासे मारले तिच्या घरात त्याची टाकी कशाला?'

ऐका तर मग. तुम्हीच बोलायला लावलंत.

तुमचा भाऊ गेला त्यानंतरचे दिवस आठवा. आजारपणात त्याची खाट हॉलमध्ये टाकीसमोर होती, कारण त्याला टाकी बघत पडायचं होतं. खाट हलवल्यावर त्याच जागी गादी घालून तुम्ही झोपत होतात. एका दुपारी, भेटायला आलेली माणसं निघून गेल्यावर, तुम्ही टाकीखालचं कपाट उघडलंत. वाकलात. आणि फिल्टरची वायर खेचून काढलीत. मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुम्ही मला पाहिलं नाहीत. मी काही बोलले नाही. तुम्ही मोठ्या, दुःख तुमचंही होतं. एका वायरीवरून काय भांडायचं, म्हटलं.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी ती वायर परत लावली. सकाळी मासे तरंगत होते.

तेव्हा मला काही कळलं नव्हतं. फुगा पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या टकळीत त्याने सांगितलं. तो फिल्टर म्हणजे बंद डबा असतो, आत स्पंज. पाणी साफ ठेवणारे जंतू त्या स्पंजात राहतात, आणि ते वाहत्या पाण्यावर जगतात. पाणी थांबलं की ते आतल्या आत गुदमरून मरतात आणि डब्यातलं पाणी नासतं. टाकीतली झाडं तोवर माशांना सांभाळून घेतात. पण मग कुणी वायर लावली, की डब्यातली सगळी घाण एकदम टाकीत. आधी डबा बाहेर काढून रिकामा करायचा, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचे, मग सुरू करायचा. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे वायर काढली तुम्ही आणि लावली मी. अर्धे मासे तुमच्या नावावर, अर्धे माझ्या. पण बोभाटा झाला तो फक्त माझ्या अर्ध्यांचा.

इतके महिने का बोलले नाही? तुम्हाला लागेल म्हणून, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. तुमच्याविरुद्ध हातात काहीतरी असावं म्हणून राखून ठेवलं होतं. आता वापरलं. सांगा आता तुमच्या गोतावळ्याला.

पुन्हा ट्रक पाठवू नका.

भावजय


९ मार्च

वन्सं,

इतके दिवस तुमचं काही आलं नाही. मी मनातल्या मनात तुमच्याशी रोज भांडत होते. दार वाजलं की वाटायचं, आला ट्रक. मग वाटायला लागलं, तुम्ही आजारी तर नाही? चुलत जावेला विचारणार होते, पण तिला कशाला खाद्य द्या.

काल तुमचं कार्ड आलं. तुमचं इतकं लहान पत्र मी कधी पाहिलेलं नाही. वर नमस्कार नाही, खाली सही नाही, खाडाखोड मात्र आहे. 'तो आवाज त्याच्या ऑक्सिजनच्या मशीनसारखा होता. मशीन परत नेलं तरी आवाज चालूच. डोळा लागला की वाटायचं, तो श्वास घेतोय. मी उठून बघायची. दर वेळी उठायची. मग सहन झालं नाही. मासे मरतील हे माहीत नव्हतं गं. शाळेला नको म्हणून कळवलंय.'

मशीनवर बसूनच वाचलं. मग बराच वेळ शिवण पुढे सरकलं नाही. आजोबा काचेशी येऊन पडला होता, त्याला वाटलं असेल, ही थांबली का.

मी वायर का लावली, ते तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही काही विचारत नाहीच, आधी निकाल देता. पण सांगते.

तुम्हाला स्टेशनवर सोडून मी घरी आले. कुलूप काढलं, आत आले, आणि घरात काहीच आवाज नव्हता. दोन वर्षं ते ऑक्सिजनचं मशीन आणि त्याच्या आधीपासून तो फिल्टर, या दोन आवाजांना शिव्या घालत मी त्या हॉलमध्ये शिवत आले. ह्यांना म्हणायची, कधी बंद होणार हे? आणि त्या दिवशी दोन्ही बंद. मी चपलाही काढल्या नाहीत, तशीच खाली बसले, कपाट उघडलं, वायर लावली. तो घुर्र करून सुरू झाला आणि मी तिथेच फरशीवर टाकीला टेकून बसले. मलाही वाटलं, ह्यांचा श्वास चालू आहे. तुम्हाला तो ऐकवत नव्हता, मला तो हवा होता. आपल्या दोघींच्या मधे ते बिचारे मासे गेले.

एवढ्यावरून आपलं पटलं, असं समजू नका. ट्रक मी विसरलेले नाही. गोतावळ्यात जे बोललात ते ज्या तोंडाने बोललात त्याच तोंडाने निस्तरा, माझ्या चुलत जावेपासून सुरुवात करा. आणि लग्नात 'पोरगी जरा बुटकी आहे' म्हणाला होतात तेही माझ्या लक्षात आहे. बुटकी झाडं पुढे लावतात.

टाकी इथून हलणार नाही. बघायची असेल तर या. निळ्या पट्टीचे बारके मासे पुन्हा आणलेत, थोडे थोडे करत आणते आहे, एकदम आणले तर पाण्याला झेपत नाही. ह्यांची वाळूची वाट होती तशीच ठेवली आहे, तिला हात लावलेला नाही, तुमची शंका असेल तर सांगते. त्या फर्नचा काळा दोरा आता दिसायला नको म्हणून परवा कापून काढायला गेले. निघेना. मुळांनी त्याच्यावरून वेढे घातलेत, दोरा ओढला तर फर्नच हातात येईल. राहू दिला.

येताना लोकरीचं पांघरूण आणा, माझ्याकडे एकच आहे. झोपायला जागा हॉलमध्येच, टाकीसमोर. फिल्टरचा आवाज आहे आणि तो चालूच राहणार. सहन झाला नाही तर मला हाक मारा, मी काही लगेच झोपत नाही. उठून येईन, बसू दोघी.

पण वायरीला हात लावायचा नाही.

तुमची भावजय